ताडोबातली उन्हाळी पाळी

पुण्याच्या शिवाजीनगरातील कृषी महाविद्यालयात शिकणारा एक विद्यार्थी मला अधूनमधून भेटायला येतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मोहर्लीकडचा, चार एकर धानाच्या शेतकऱ्याचा मुलगा. परीक्षा संपली, की हा घरी जाऊन ताडोबात गाईडचे काम करतो. रीतसर प्रशिक्षण घेऊन त्याने नाव नोंदवले आहे. "साहेब, एकदा आमचं काम बघायला या," असे त्याचे कधीचे म्हणणे होते. २०२५ च्या मे महिन्यात योग आला. पुण्याहून रेल्वेने वर्धा, पुढे एस.टी.ने चंद्रपूर आणि तेथून तीसएक किलोमीटरवर मोहर्ली. ऊन असे, की एस.टी.च्या खिडकीच्या दांडीला हात लावण्याची सोय नव्हती.

ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली झालेले. पर्यटकांची खरी झुंबड उन्हाळ्यात. सागाची पाने गळून रान विरळ होते, नाले आटतात आणि वाघ पाणवठ्यावर येतो. पहिल्या जुलैपासून गाभ्याचे जंगल तीन महिने बंद. म्हणजे धानाची लावणी आणि गाईडची सुट्टी एकाच वेळी. शेतकऱ्याच्या पोराला याहून सोयीचे काम कोणते?

पहाटे चारला तो उठला. गाईडना पाळीने गाडी मिळते. वशिला चालत नाही. फाटकावर मोबाइल जमा केले आणि आम्ही आत शिरलो. रस्त्याच्या कडेने गोंड राजांच्या काळातले दगडी खांब दिसले. एका पाणवठ्यावर सौर पंप चालू होता. आयुष्यभर शेतकऱ्यांना पंप सांगत आलो. वाघासाठी बसवलेला प्रथमच पाहिला! पोरगा मात्र कानाने जंगल बघत होता. चितळाने हाक दिली, की हात वर. वानर खोकले, की गाडी बंद. मागे बसलेले पाहुणे "वाघ कुठंय?" म्हणून कुरकुरत होते. वाघ दिसला नाही, तर गाईडचाच दोष, असा सगळ्यांचा समज.

परतताना फाटकाजवळच्या धुळीत वाघाचे ताजे ठसे दिसले. पाहुण्यांना आनंद झाला. फोटोसाठी कॅमेरे निघाले. पोरगा खाली वाकून ठसे कुठल्या दिशेला गेलेत ते बघत राहिला. ते जंगलाबाहेर, गावाकडच्या नाल्याकडे वळले होते.

मला आधी कळले नाही. मग आठवले. आठवडाभरापूर्वीच, १० मे रोजी, याच जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायकांचा वाघाने बळी घेतला होता. ह्याची आईही तेंदूला जाते. सत्तर पानांचा एक पुडा. असे पुडे बांधून दिवसाचा हिशेब होतो. पोराची पाळी आणि आईचे पुडे मिळून खरिपाचे बियाणे व पुण्याच्या मेसचे पैसे निघतात.

फाटकाबाहेर येताच त्याने पाणीसुद्धा न पिता फोन परत घेतला आणि बापाला कळवले.

संध्याकाळी त्यांच्या अंगणात बसलो. बाजेवर पुडे रचलेले. मी माझ्या सवयीने कुंपणाची सरकारी योजना सांगू लागलो. बाप हसून म्हणाला, "साहेब, कुंपणानं धान वाचल. पण पानं तर रानातच हाय ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. चहा पीत राहिलो.

"आई, उद्या नाल्याकडं नको जाऊ," पोरगा म्हणाला. "माझ्या अजून पाळ्या हायेत. भागते आपलं."

तिने हातातल्या पुड्याची गाठ आवळली. फळी किती दिवस उघडी राहणार, ते मनाशी मोजले.

"बरं," ती म्हणाली, "मग नाल्याच्या अलीकडंच जातो. पाचजणी मिळून."