पासंग

ट्रॅक्टरच्या लोडरनं शेणखताची ट्रॉली भरत होतो. ओल्या खताची बकेट वर उचलली, तसं स्टिअरिंग हाताला जड लागलं आणि मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. बांधावर बसलेले अण्णा ओरडले, "धुरजड झालीय रे गाडी! मागं कायतरी टाक."

ट्रॅक्टरला त्यांनी बैलगाडीचा शब्द लावला आणि तो नेमका बसला. ओझं पुढं सरकलं की जू बैलांच्या मानेवर दाबतं, ती गाडी धुरजड. मागं सरकलं की जू वर उचलतं, जुपण्या गळ्याला काचतात, ती उलाळ. गाडीत पोती किती, याआधी ती कुठं, हे बघायची अण्णांची सवय.

माझं वेल्डिंगचं दुकान. टायरमध्ये पाणी आधीच भरलेलं, मग आणखी वजन कशाला, म्हणून पत्र्यावर खडूनं हिशेब मांडला. दोन आसांमधलं अंतर साधारण २ मीटर. बकेटमध्ये ५०० किलो, तेही पुढच्या आसाच्या दीड मीटर पुढं. तरफेच्या नियमानं मागच्या चाकांवरचे ३७५ किलो उचलले जातात आणि पुढच्या आसावर ८७५ किलोंची भर पडते. टायरमधलं पाणी मागचं चाक दाबून धरतं खरं, पण ते आसावरच असल्यानं पुढचा भार किलोभरही हलका करत नाही. तेच ५०० किलो मागच्या आसाच्या ८० सेंटिमीटर मागं टांगले, तर मागं ७०० किलोंचा दाब येतो आणि पुढचे २०० किलो कमी होतात. जागा बदलली की तेवढंच वजन दुहेरी कामाचं होतं.

२०० लिटरचं जुनं ऑइलचं बॅरल घेतलं. झाकण छन्नीनं कापलं. तेलाच्या बॅरलला गॅस कटर लावायचा नाही, आतली वाफ पेट घेते, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो भरतं. म्हणजे बॅरलभर ४८० आणि लोखंड धरून ५००. ट्रॅक्टरमागच्या खालच्या दोन लिंकसाठी आरपार दांडा, टॉप लिंकसाठी चॅनेलचे दोन कान. बॅरलची रुंदी ५७ सेंटिमीटर, लिंकमधलं अंतर ६८. दोन्ही बाजूंना जेमतेम साडेपाच सेंटिमीटर उरले. नुसतं खुपसलेलं लोखंड हादऱ्यानं ढिलं होतं, म्हणून दांडा आणि चॅनेल आतून गजांनी एकमेकांना वेल्ड केले. दीड गोणी सिमेंट, वाळू, खडी. थराथरानं ओतत गजानं खोचलं, म्हणजे पोकळी राहत नाही.

आठवडाभर ओलं गोणपाट टाकून पाणी मारलं. मग ध्यानात आलं, की बॅरल ओतलंय दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात, आणि तिथवर ट्रॅक्टर मागं घेता येत नाही! पहारी लावून, खाली पाइपचे तुकडे घालून, पाच जणांनी अर्धा दिवस ते धूड दाराबाहेर काढलं. अण्णा दारात उभे. म्हणाले, "वजन बनवलंस, पण त्याला वजन असतं हे इसरलास."

आता भरलेली बकेट उचलली तरी चाक जमीन सोडत नाही, स्टिअरिंग आधीपेक्षा हलकं फिरतं. तरी बकेट खाली ठेवूनच चालवतो; आडव्या उतारावर कलंडणारा ट्रॅक्टर मागच्या वजनानं थांबत नाही. आणि लोडर काढला की हेही काढून ठेवतो. नाही तर चढाला पुढची चाकं हलकी पडतात, ट्रॅक्टर वळेनासा होतो. म्हणजे पुन्हा अण्णांचीच भाषा: उलाळ.

तराजूच्या हलक्या पारड्याला बांधतात तो पासंग. कुणाला हिणवायचं असलं की आपण म्हणतो, तो याच्या पासंगालाही पुरणार नाही. पासंग म्हणजे अगदी किरकोळ वस्तू, असंच त्यात गृहीत असतं. माझा पासंग कडुलिंबाखाली उभा असतो. किरकोळ म्हणायची सोय नाही. तो जरा इकडं सरकवायचा म्हटलं, तरी पाच माणसं लागतात.