शेततळ्याचा दोर

१४ मे २०२५, पारनेर तालुका

दादाच्या शेततळ्यात आज कागद अंथरून झाला. पाचशे मायक्रॉनचा, काळा, गुळगुळीत. टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या भागात तळं म्हणजे वर्षाची बेगमी, सगळे खुशीत होते. मी काठावर उभा राहिलो आणि पोटात गोळा आला. आत पडलेल्याला धरायला कुठंच काही नाही.

१६ मे

पुतण्या माझ्या नौदलातल्या वादळाचं विचारत होता. नगर म्हणजे रणगाड्यांचं गाव. आमच्याकडची पोरं लष्करात जातात. नौदलात गेलेला गावातला मी एकटा. २००९ साली चिल्क्याला प्रशिक्षणाला गेलो, त्याआधी खोल पाणी पाहिलं ते विहिरीचंच, पाठीला पत्र्याचा डबा बांधून.

१७ मे

त्या वादळाला चार वर्षं झाली. 'तौक्ते' हे नाव म्यानमारनं सुचवलेलं, अर्थ पाल. इशारा आधीच आला होता, तरी पी-३०५ बार्ज तेलक्षेत्रातच थांबला. माणसांच्या मुक्कामाच्या या बार्जला स्वतःचं इंजिन नव्हतं. नांगर निसटले, तो भरकटला आणि संध्याकाळी बुडाला. त्यावर २६१ माणसं होती.

मी तेव्हा बचावाला गेलेल्या 'आयएनएस कोची'वर होतो. लाटा दोन-दोन मजली. अंधारात जॅकेटांचे बारके दिवे दिसायचे, लाटेआड जायचे, काही परत दिसायचेच नाहीत. जहाजाच्या कडेनं जाळ्या सोडल्या होत्या. माणूस जाळीपर्यंत यायचा, हात लावायचा, तोवर लाट त्याला लोखंडावर आपटायची.

एकाचं मनगट माझ्या हातात आलं होतं. डिझेलनं माखलेलं. त्याच्या हातातलं कडं माझ्या बोटांना लागलं, मग नुसतंच कडं राहिलं, मग तेही नाही. दुसऱ्याला आम्ही तिघांनी वर घेतलं. तो माझी बाही सोडेना. डॉक्टरांनी सांगूनही सोडेना.

१८ मे

रात्री झोप आली नाही. बार्जवरचे १८६ जण वाचले. १९ तारखेला आम्ही १२५ जणांना घेऊन मुंबईला लागलो. हे आकडे मी मोठ्यानं म्हणतो, तरी बोटांना ते कडं लागतंच.

२१ मे

पारनेरहून जाड दोर आणला. हातभर अंतरावर गाठी मारल्या. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पोहता येतं की पोराला." मी म्हटलं, त्या पाण्यातल्या कित्येकांना येत होतं.

उतारावर बादलीभर पाणी ओतलं. पुतण्याला दोराशिवाय चढायला लावलं. तीनदा घसरून तळाशी गेला, चौथ्यांदा रडकुंडीला आला. मग दोर दिला. हातांना गोडंतेल चोळून चढ म्हटलं. गाठ, मग गाठ, करत वर आला आणि धापा टाकत विचारलं, "काका, एकाच बाजूला बांधायचा?"

"चारी बाजूंना."

उरलेला दोर त्यानंच उचलला.