वृत्त बदलते तेव्हा

लग्नाचे चित्रण शिकावयास जी तरुण मंडळी माझ्याकडे येतात, त्यांचा पहिला प्रश्न बहुधा कॅमेरा कोणता घ्यावा हा असतो, आणि ‘मंगलाष्टकांची चाल ओळखता येते का?’ या माझ्या उलट प्रश्नाने त्यांची किंचित निराशा होते. परंतु त्या प्रश्नामागे एक जुनी फजिती आहे, आणि तिची कैफियत दिल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

१९९१ च्या वैशाखात सांगलीस मी खांद्यावरचा व्ही.एच.एस. कॅमेरा घेऊन स्वतंत्रपणे पहिले लग्न टिपावयास उभा राहिलो. पहिले मंगलाष्टक संपताच जागा बदलावी म्हणून कळ दाबली. ती नीट बसली नाही, आणि व्ह्यूफाइंडरमधला लाल ठिपका पाहण्याची तसदी न घेता, कॅमेरा हातात लोंबकळत ठेवून, वऱ्हाडी मंडळींतून वाट काढीत मी पलीकडे गेलो. तेथे चित्रण सुरू करण्यासाठी पुन्हा कळ दाबली, तेव्हा ते वस्तुतः बंद पडले. घरी कॅसेट लावून पाहतो तो कित्येक मिनिटे नुसती सतरंजी, तिच्यावर सांडलेल्या अक्षता, मध्येच कोणाच्या तरी पैठणीचा काठ; आणि मग एकदम गळ्यात हार घालून उभे असलेले वधूवर! अंतरपाट माझ्या कॅसेटमध्ये कधी दूर झालाच नाही. वधूपित्याने ठरल्या रकमेत एक पैसाही कपात केली नाही. ‘आमच्या ताईचे मंगलाष्टक तरी स्वच्छ ऐकू येते,’ एवढेच ते म्हणाले, आणि तो सौजन्याचा मार मला अधिक लागला.

ती सतरंजी मी पुढे कितीदा तरी ऐकली, आणि ऐकता ऐकता ध्यानात आले ते हे की, गुरुजींची, आत्याबाईंची, हौशी मामांची सारी मंगलाष्टके एकोणीस अक्षरी शार्दूलविक्रीडिताच्या संथ डौलात चालली असताना, अखेरीस गुरुजी एकाएकी अकरा अक्षरी उपजातीत शिरतात, आणि ते आखूड चरण संपतात न संपतात तोच अंतरपाट दूर होतो. माझी कॅसेट नेमकी त्या संधीवरच तुटली होती. हा इशारा ज्याच्या कानाला कळतो त्याला घड्याळाकडे अथवा गुरुजींच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

वृत्त बदलण्यापूर्वीच बाकीची सिद्धता झालेली असावी. पट कोणत्या बाजूस ओढला जाणार हे गुरुजींना आधीच विचारून, ती बाजू सोडून उभे राहावे. चौकट मोठी ठेवावी, म्हणजे हार घालणारे हात आणि मागे उभे असलेले मामा दोन्ही तीत मावतात. पांढरा पट चौकटभर पसरलेला असला की स्वयंचलित कॅमेरा प्रकाश आपणहून कमी करतो, आणि पट हटताच वधूवरांचे चेहरे क्षणभर काळवंडतात. तो क्षण तर नेमका आपला! म्हणून प्रकाशाचे मान आधीच चेहऱ्यांवर ठरवून कायम करावे. आपल्याकडील विजेच्या पन्नास आवर्तनांना जुळेल असा शटर १/५० ठेवला म्हणजे कार्यालयातील नळीचे दिवे पडद्यावर लवलवत नाहीत. आवाजाचीही अशीच तजवीज हवी, कारण अखेरच्या ‘सावधान’बरोबर बँड कडाडतो, आणि बिचारा स्वयंचलित माइक इतका दचकतो की त्यापुढचे शब्द गिळून टाकतो.

लाजाहोम आणि सप्तपदी यांत घाई नसते. तेथे धूर डोळ्यांत जाऊ न देण्याइतके शहाणपण पुरते. कार्यालयाच्या आत ड्रोन उडविणाऱ्यांविषयी मी काही लिहीत नाही. अक्षता वरून खाली पडाव्यात असा शास्त्रसंकेत आहे, खालून वर उडाव्यात असा नाही.

नव्या विद्यार्थ्यांना मी प्रथम ती सतरंजीच दाखवितो, आणि वृत्त बदलताच हात वर करावयास सांगतो. पाहण्यासारखे काहीच नसल्यामुळे ते निमूटपणे ऐकतात.