आठ-सतराची दोन मुळं

वर्गसमीकरणाला दोन मुळं का असतात, हे शाळेत कुणी सांगत नाही. "असतात! लिहून घ्या!" एवढंच. खरं म्हणजे तो तास डोंबिवलीच्या फलाटावर भरवायला हवा.

समजा, आठ-सतरा नुकतीच हललीय आणि दार आपल्यापुढे १२ मीटरवर आहे. जेवणाचा डबा सांभाळणारा मध्यमवयीन डोंबिवलीकर सेकंदाला ४ मीटर धावतो. (त्याच्या घरी हे कुणाला खरं वाटणार नाही.) गाडीचा वेग दर सेकंदाला अर्ध्या मीटरनं वाढतो. म्हणजे क्ष सेकंदांत माणूस चार क्ष मीटर जाणार आणि गाडी क्षच्या वर्गाचा चौथा हिस्सा. दोघांतलं अंतर शून्य कधी? क्ष वर्ग, वजा १६ क्ष, अधिक ४८ बरोबर शून्य. उत्तरं दोन: ४ आणि १२. चौथ्या सेकंदाला आपण दार गाठतो. तेव्हा दांडी धरली नाही, तर पुढचे आठ सेकंद आपण चक्क त्या दाराच्या पुढे धावत असतो! बाराव्या सेकंदाला दार आपल्याला गाठतं आणि ठाण्याकडे निघून जातं.

भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त माकडांच्या कळपाचं एक उदाहरण आहे. उत्तरं येतात ५० आणि ५. आचार्यांनी ५ सोडून दिले, कारण त्यात वर्ग करायची माकडांची संख्याच वजा दोन येते आणि ते लोकांना पटत नाही. डोंबिवलीकरही दुसरं मूळ असंच सोडून देतो.

दार १६ मीटरवर असलं तर दोन्ही मुळं सारखी: आठवा सेकंद, संधी एकदाच. १७ मीटर झाले की विवेचक ऋण, मुळं काल्पनिक! आणि एक मीटर म्हणजे काय हो? जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला केलेला अर्धा नमस्कार.

पण दांडी ओली आहे, दारात आधीच सात जण लोंबकळताहेत, याला समीकरणात पद नाही. आणि काही अंतरांना तर मूळ असूच नये. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून आलेल्या दोन भरगच्च लोकल एकमेकींजवळून गेल्या. गाड्या गाड्यांना लागल्या नाहीत. दारांत लटकलेली माणसं मात्र रुळांवर पडली. किमान चार जण गेले.

आमचे एक शेजारी हल्ली सुटलेल्या गाडीकडे बघून "सतरा मीटर!" म्हणतात, आणि कल्याणहून मागची येईपर्यंत बाकावर बसून पेपर उघडतात. ठाण्याच्या कचेरीत त्यांचे या महिन्यात तीन लेट मार्क झालेत.