कुदळ

सेलू तालुक्यातल्या आमच्या घरी पडवीत बाभळीच्या दांड्याची एक कुदळ असे. आबाजी पहाटे ती खांद्यावर टाकून वावरात जात, ऊन तापलं की बांधावर शिदोरी सोडत आणि रात्री भजनाला बसत. काम, शरीर आणि माणसं यांची वेगळी खाती त्यांनी कधी मांडली नाहीत.

बाबांना वर्ध्याला नोकरी लागली, तेव्हा कुदळही शहरात आली. रविवारी ते परसातल्या झाडांना आळी करत आणि आम्ही भावंडं माती ओढत असू. त्या दोन तासांत बाबा पूर्ण आमचे असत.

मी बँकेत लागल्यावर कुदळीला गंज चढला. मार्चअखेरची धावपळ वर्षभर पुरू लागली. देह जेवणाच्या ताटावर, मन थकीत कर्जाच्या यादीत. चाळिशीत रक्तदाबाची गोळी सुरू झाली.

तेव्हा विनोबा भाव्यांची पवनारची हकिगत मी नव्या नजरेनं वाचली. 1938 साली विनोबांची प्रकृती पार ढासळली होती; वजन 88 पौंड. गांधीजींनी त्यांना हवापालटासाठी थंड ठिकाणी जायला सुचवलं. विनोबांनी निवडला वर्ध्याजवळच्या पवनारचा, धाम नदीकाठचा जमनालाल बजाजांचा बंगला. नदीवरचा पूल ओलांडताना त्यांनी कामांची सारी चिंता सोडण्याचा संकल्प केला. मग हाती कुदळ घेतली. आधी जेमतेम पाच मिनिटं खणायचं, मध्ये दम घ्यायचा, मग रोज थोडं वाढवायचं. शरीर सावरत गेलं. त्याच जमिनीतून भरत-रामभेटीचं शिल्प निघालं. पुढे 1951 पासून तेरा वर्षं हाच माणूस भूदानासाठी, म्हणजे भूमिहीनांकरता जमिनीचं दान मागत, देशभर पायी फिरला.

त्यांनी चिंता खाली ठेवली, म्हणून श्रम अंगी लागले. मला हेच सूत्र पटलं: हातातल्या कामाला पूर्ण मन द्यायचं, आणि ते संपलं की मनातूनही उतरवायचं. आता सकाळी मी वाफे खणते, संध्याकाळी मुलांत बसते. बँक बँकेतच राहते.

पण दिवसभर परक्याच्या वावरात निंदण करून घरी चूल पेटवणाऱ्या बाईला मी हे सूत्र कोणत्या तोंडानं सांगू? तिला श्रम नव्हे, विसावा हवा. पुरेशी मजुरी मिळाली आणि घरच्या पुरुषानं भाकरी थापायला हात लावला, तरच तिच्या वाट्याला स्वतःची एखादी संध्याकाळ येईल. समतोल हा तिचाही हक्क आहे, आणि तो तिला मिळवून देणं हे आपल्या सगळ्यांचं काम आहे.