हिशोब टायरचा असतो

‘गेमवर लिहा, पण आमच्या वाचकांना गणित झेपणार नाही,’ असं संपादकांनी बजावलं आहे. गणिताशिवाय हा विषय कितपत सांगता येईल, याची मला शंका आहे. तरी प्रयत्न करतो. चाकणच्या पट्ट्यात एका वाहन कंपनीच्या सस्पेन्शन विभागात माझी नोकरी आहे: स्प्रिंग, डँपर, अँटी-रोल बार आणि त्यांना धरून ठेवणारे रबरी बुश. रात्री जेवणं उरकली की मी ‘ग्रॅन टुरिस्मो’ लावतो. ऑफिसात एक वेगळी स्प्रिंग बसवून पाहायची तर नमुना यायलाच कित्येक आठवडे लागतात. खेळात तीच स्प्रिंग मिनिटभरात बदलून ट्रॅकवर जाता येतं. माझ्या धंद्यातल्या माणसाला यापेक्षा मोठी चैन नाही.

हा खेळ डिसेंबर 1997 मध्ये जपानात प्लेस्टेशनवर आला. काझुनोरी यामाउची आणि त्यांच्या चमूनं (हाच पुढे पॉलिफोनी डिजिटल झाला) त्यात एक गोष्ट फार विचारपूर्वक ठेवली होती: सुरुवातीला खिशात पैसे थोडे, त्यात जुनी साधी गाडी घ्यायची, शर्यती जिंकून सुटे भाग घ्यायचे आणि त्याच गाडीला हळूहळू घडवायचं. आज ‘ग्रॅन टुरिस्मो 7’मध्ये सेटिंगचा जो तक्ता उघडतो, तो पाहून आमच्या विभागातला कुणीही ओळखीचं हसेल. जमिनीपासूनची उंची, कँबर, टो, डँपरचं प्रमाण. स्प्रिंगचा कडकपणा तर चक्क हर्ट्‌झमध्ये दिलेला आहे! आम्हीही तसाच मोजतो, कारण त्या आकड्यात गाडीचं वजन आपोआप धरलेलं असतं.

आता ज्या प्रकरणामुळे मी हे लिहायला तयार झालो ते सांगतो. माझ्या भाच्याकडे खेळात 1989ची युनोस रोडस्टर होती. बाहेरच्या जगात तीच माझ्दा एमएक्स-5 म्हणून ओळखली जाते. वजन 940 किलो, ताकद 120 अश्वशक्ती. त्याच्या मित्रानं साठवलेले सगळे क्रेडिट ओतून 2007ची निस्सान जीटी-आर घेतली: 1740 किलो, 480 अश्वशक्ती, चारही चाकांना जोर. शर्यत ठरली त्सुकुबाला. टोकियोच्या ईशान्येला इबाराकी प्रांतात असलेला हा खराखुरा ट्रॅक एका फेरीला जेमतेम दोन किलोमीटरचा आहे. ‘मामा, काहीतरी करा,’ असा फोन आला.

आम्ही केलं, आणि रोडस्टर जिंकली. मित्राचा पहिला शब्द होता: ‘इंजिनात काहीतरी घातलंय.’

हेच ऐकून मी थकलो आहे. गाडी वेगवान झाली म्हणजे इंजिन मोठं झालं, एवढंच लोकांना कळतं. मोटारींवरचे लेख अश्वशक्तीनं सुरू होतात आणि शेवटी किमतीवर येतात. इंजिनाला आम्ही हात लावला होता, ते लपवायचं कारण नाही. पण तरीही ताकद जीटी-आरच्या निम्म्याहून कमीच होती. पैसे गेले ते मुख्यतः वजन उतरवण्यावर आणि टायरवर. मित्राचे पैसे गाडी घेण्यातच संपले होते, त्यामुळे त्याची जीटी-आर शोरूममधून आली तशीच उभी होती.

थोडं गणित आता करावंच लागेल. गाडी वळणात किती वेगानं जाऊ शकते हे वळणाच्या त्रिज्येवर आणि टायरच्या पकडीवर ठरतं. पहिल्या हिशोबात वजन येतच नाही. 40 मीटर त्रिज्येचं वळण घ्या. टायर गाडीच्या वजनाइतकंच आडवं बळ पेलत असतील तर वेग ताशी सुमारे 71 किलोमीटर. पकड दहा टक्क्यांनी वाढली की तोच वेग 75च्या जवळ जातो. हे चार किलोमीटर इंजिनाकडून मिळत नाहीत, कितीही पैसे मोजा.

वजन येतं ते दुसऱ्या हिशोबात. वळताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर धरलं, तर त्या 71च्या वेगाला गाडीच्या एक तृतीयांश वजनाइतका भार सरकतो. रोडस्टरला सुमारे 310 किलो, जीटी-आरला 580. आणि टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. बाहेरच्या टायरनं जे मिळवलं त्यापेक्षा आतल्यानं जास्त गमावलेलं असतं. जड गाडीला रुंद टायर देऊन यातलं बरंचसं भरून काढतात, पण फुकट नाही. माझी सगळी नोकरी या एका वक्ररेषेवर उभी आहे. अँटी-रोल बार म्हणजे तरी काय, हा सरकणारा भार पुढच्या जोडीनं किती घ्यायचा आणि मागच्या जोडीनं किती, एवढं ठरवणारी पोलादी दांडी. पुढची कडक केली की पुढचे टायर आधी थकतात आणि गाडी वळणाबाहेर जाऊ पाहते. मागची कडक केली की शेपूट सुटायला लागतं.

भाच्याला एक सवय आहे: वळणाच्या मध्यात घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीत त्याच क्षणी मागची बाजू निसटते. म्हणून पाय काढल्यावर मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल त्यांना जास्त घट्ट धरेल असं मी केलं. त्यानं गाडी वळणात शिरताना जराशी अडते. माझ्या हाताला ती आवडत नाही, पण त्याच्या हाताला तीच बसते. त्सुकुबात दुसऱ्या हेअरपिनमधून बाहेर पडताना जीटी-आर निर्विवाद पुढे जात होती, मागच्या सरळ रस्त्यावर अंतरही वाढवत होती. मग शेवटचं लांबलचक उजवं वळण येई. रोडस्टर तिथे उशिरा ब्रेक मारून जास्त वेग घेऊन आत शिरायची, आणि तो वेग मुख्य सरळ रस्त्यावर शेवटपर्यंत टिकायचा.

पुढच्या आठवड्यात भाच्यानं तेच आकडे जसेच्या तसे घेऊन मोन्झाचा ट्रॅक गाठला आणि सपाटून हरला. ‘मामाचं सेटिंग फेक आहे,’ हे दोघांचं एकमत माझ्या कानावर आलं. ते वाक्य मला अजून टोचतं. मोन्झा पावणेसहा किलोमीटरचं, जवळजवळ सगळं सरळ रस्त्यांचं. त्सुकुबासाठी आखूड केलेले गिअर तिथे रस्ता संपण्याआधीच लिमिटरला टेकतात. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्याला भेदायला लागणारी ताकद घनानं. तिथे 480 अश्वशक्तीपुढे कसलंही डिफरन्शियल पुरं पडत नाही. सेटिंग एका गाडीचं, एका ट्रॅकचं आणि एका हाताचं असतं. मुलं मात्र औषधाच्या चिठ्ठीसारखं ते एकमेकांना पाठवतात, दुखणं कुणाचं ते न विचारता.

याहून मोठा वाद आहे तो पीपीचा, आणि त्यावर मी जरा लांबण लावणार आहे. असमान गाड्या एकत्र धावाव्यात म्हणून खेळ प्रत्येक गाडीला परफॉर्मन्स पॉइंट्स देतो: ताकद, वजन, टायर, डाउनफोर्स, सगळं मिळून एक आकडा. शर्यतीला मर्यादा असते, समजा 600. त्या मर्यादेत काय घ्यायचं आणि काय सोडायचं, ही खरी कला. त्सुकुबाला मी मऊ टायर घेऊन ताकद कापेन, मोन्झाला उलट. स्वस्त गाडी महागडीला इथे प्रामाणिकपणे गाठते. पण काहींनी शोधून काढलं की काही सेटिंग विचित्र टोकाला नेली की आकडा घसरतो आणि गाडी मात्र हळू होत नाही. पॉलिफोनीनं अपडेट काढून अशा फटी बुजवल्या, तशा नव्या निघाल्या. हे करणाऱ्यांना लोक ‘ट्यूनर’ म्हणतात याचा मला मनापासून राग येतो. त्यात गाडीबद्दल काहीच शिकायला मिळत नाही, फक्त आकडा काढणाऱ्या सूत्रातली फट कळते.

यावर मला नेहमी 1964च्या मॉन्टे कार्लो रॅलीचा दाखला दिला जातो. पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन यांच्या छोट्या मिनी कूपर एसनं 4.7 लिटर व्ही-8च्या फोर्ड फाल्कनला मागे टाकलं. निव्वळ घड्याळावर फाल्कनच वेगवान होती. इंजिनाच्या आकारानुसार दिलेल्या सवलतीनं मिनी वर आली. मग ती सूत्राचीच कमाई नाही का, असा प्रश्न. माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. सवलतीचा नियम सगळ्यांना आधी ठाऊक होता, आणि बर्फाच्या घाटात एवढी छोटी गाडी फाल्कनच्या इतक्या जवळ ठेवणं हे चालवणाऱ्यांचं आणि ती गाडी रेखाटणाऱ्या ॲलेक इसिगोनिस यांचं काम होतं. पुढच्या चाकांवर चालणारी, चाकं चारी कोपऱ्यांना नेलेली, हलकी. 1965 आणि 1967 मध्ये मिनी पुन्हा जिंकली.

एक शंका मात्र मलाही छळते. खेळातली स्वस्त गाडी गंजत नाही. तिचं वजन दोनशे किलोनं उतरवलं तरी खड्ड्यात गेल्यावर तिचा कंट्रोल आर्म वाकत नाही, बुश फाटत नाही. आमच्याकडे स्वस्त गाडी स्वस्त ठेवताना सगळी झुंज याच्याशीच असते, आणि पडद्यावर ती कुठेही दिसत नाही. नव्यानं रुजू होणारी इंजिनिअर पोरं हा खेळ खेळून आलेली असतात. त्यांना अँटी-रोल बार समजावावा लागत नाही, पण वेल्ड का तुटतो हे पहिल्यापासून सांगावं लागतं. तरी त्यांना हा खेळ खेळू नका असं मी म्हणणार नाही. भार आणि पकड यांचं नातं हाताला कळणं ही छोटी गोष्ट नाही, मला ते कळायला नोकरीत बरीच वर्षं गेली.

मोन्झासाठी भाच्याला मी आकडे दिले नाहीत. आधी गिअर लांब कर, मागचा विंग सपाट कर, एका वेळी एकच गोष्ट बदल आणि दर बदलानंतर पाच फेऱ्या मारून वेळ वहीत लिही, एवढं सांगितलं आहे. परवा त्याचा फोन होता: गाडी सरळ रस्त्यावर पळते, पण पाराबोलिका वळणात मागून हलकी लागते. विंग सपाट केल्यावर ती लागणारच. मी विचारलं, मग आता काय बदलशील? तो म्हणाला, मागचा बार एक घर मऊ करून बघतो.