फक्कीची रेघ

२८ एप्रिल २०२५, सोमवार

टेनिसची उन्हाळी बॅच आजपासून सुरू. साडेपाचला पोचलो तेव्हा कोर्ट सांभाळणाऱ्या मामांचं पाणी मारून, रोलर फिरवून झालं होतं. फक्की मारायची राहिली होती. पुण्यात हार्डकोर्ट कितीही वाढली तरी मला मुरमाचं कोर्टच आवडतं. गुडघ्यांना सोसतं, आणि बॉल कुठे पडला त्याचा वळ राहतो.

बावीस मुलं आहेत. सर्वांत लहान आठ जणांना लाल बॉल दिला. डबल्सच्या कोर्टाची रुंदी ३६ फूट, लाल बॉलच्या कोर्टाची लांबीही तेवढीच, म्हणून मोठं कोर्ट आडवं वापरता येतं. आज ग्रिप वगैरे काही शिकवली नाही. बॉल वर टाकायचा, एक टप्पा पडू द्यायचा, झेलायचा, बस. गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं लगेच ओळखू आली. टप्प्याआधीच झेलतात आणि अपील करतात.

१ मे, गुरुवार

सुट्टी, त्यामुळे जाळीपाठीमागे बाबालोकांची गर्दी. तिसरीतल्या एका मुलाचे वडील गाठून म्हणाले, "सर, याचा मित्र दुसऱ्या क्लासला पिवळ्या बॉलनं खेळतो. आमचा अजून केशरीवरच. फी तर आपण तेवढीच भरतोय."

दहा वर्षांखालच्या स्पर्धांत पिवळा बॉल २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमांतच बसत नाही, हे सांगून पाहिलं. केशरी बॉल पिवळ्याच्या निम्म्या वेगानं येतो, टप्पा पोराच्या कमरेशी राहतो, हेही सांगितलं. मान हलवली, पण पटलं नाही. मग मुलाची उंची विचारली. चार फूट. नेट मध्यावर तीन फूट असतं. म्हणजे पावणेसहा फुटी बापाला त्याच हिशेबात सव्वाचार फुटांचं नेट हवं. दोन्ही खांबांना काठ्या लावून मामांनी सुतळी बांधली आणि मी वडिलांच्या हातात रॅकेट दिली. "मारा सर्व्हिस."

दहा मारल्या. सात सुतळीखाली, दोन थेट पार्किंगमध्ये. एक आत पडली, तर मुलानंच टाळ्या वाजवल्या. सगळे हसले. जाताना मात्र ते म्हणालेच, "तरी सर, पुढच्या महिन्यात बघा काही जमतंय का."

५ मे, सोमवार

गुरुवारचा विषय डोक्यातून जाईना. मी या कोर्टावर आलो तो बॉल गोळा करणारा पोरगा म्हणून. मग मार्कर झालो, मेंबरांशी खेळायचो, आणि पुढे कधीतरी 'सर' झालो. पहिली रॅकेट एका मेंबरनं टाकून दिलेली, लाकडी, गटिंग दोन ठिकाणी तुटलेलं. अकराव्या वर्षी ती एका हाताला पेलायची नाही, आणि बॉल खांद्याच्या वर उसळायचा. तो दाबून मारायला मनगट जे फिरवलं ते फिरलेलंच राहिलं. आजही खाली राहिलेला बॉल मला फोरहँडला उचलता येत नाही. मुलांना दाखवताना मी नेमका तो फटका मामांच्या पुतण्याला मारायला सांगतो. का, ते आजवर कोणी विचारलेलं नाही.

११ मे, रविवार

मोठ्या मुलांच्या आपसांतल्या मॅच. अंपायर नाही, ज्युनियर स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत पोरांना असंच खेळावं लागतं. आपल्या बाजूचा कॉल आपण द्यायचा, शंका आली तर बॉल आत धरायचा.

तेरा वर्षांची ती, बॅचमधली सर्वांत चांगली. पाच-चारनं पुढे, पण गेम हातातून चाललेला. समोरचीचा बॅकहँड बेसलाइनवर पडला. फक्कीचा जरासा धूर उडाला, तो मला बाकावरून दिसला. जाळीमागून तिच्या वडिलांचा आवाज आला, "आउट!" तिनं वळाकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं आणि एक बोट वर केलं. समोरची काही बोलली नाही. मग हिनं परत जागेवर जाताजाता बुटाच्या टाचेनं तो वळ पुसला. अगदी सावकाश, पायाला माती लागलीय असं दाखवत.

मी मधे पडलो नाही. कॉल तिचा होता. पडायला हवं होतं का, हे घरी येऊनही ठरेना. वडिलांना तेवढं जाळीपासून वीस फूट लांब, वडाखाली बसायला सांगितलं. ते रागावले. रागावू देत.

२१ मे, बुधवार

अवकाळीनं कोर्टाचं तळं केलंय. फक्की वाहून गटारात गेली. मुलांना पॅव्हेलियनच्या भिंतीवर व्हॉली मारायला लावलं. जुने बॉल भिजून इतके जड झाले की रॅकेटवर चिखल थापल्यासारखा आवाज येतो.

२६ मे, सोमवार

मान्सून आलाच. मे महिन्यात! बॅच गुंडाळली, उरलेल्या दिवसांची फी परत. मामांनी रोलर ताडपत्रीखाली ढकलला.

२ जून, सोमवार

ती तेरा वर्षांची ओव्हरग्रिप घ्यायला आली होती. पाऊस थांबेना, म्हणून पॅव्हेलियनमध्ये बसली. बोलण्याबोलण्यात कालचा फ्रेंच ओपनचा सामना निघाला. अल्काराझ शेल्टनविरुद्ध. नेटजवळ झेपावून त्यानं बॉल परतवला, पॉइंट त्याचा धरला गेला, तर हा स्वतःच अंपायरला जाऊन सांगतो, रॅकेट माझ्या हातातून आधीच सुटली होती.

"कोणाला दिसलं नव्हतं?" तिनं विचारलं.

"नव्हतं."

"मग पॉइंट गेला?"

"गेला."

"आणि मॅच?"

"जिंकला. चार सेटमध्ये."

ती ओव्हरग्रिपची प्लॅस्टिकची पट्टी नखानं सोलत होती. मग रॅकेटच्या शेपटाकडून सुरुवात करून, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत, नीट गुंडाळली. शेवटची टेप चिकटवून झाल्यावर म्हणाली, "सर, तो हरला असता तर सांगितलं असतंत का तुम्ही मला हे?"

मी पावसाकडे पाहत राहिलो. तिचे वडील स्कूटर घेऊन फाटकाशी आले होते, हॉर्न वाजवत होते.